ब्लायटी, बीअर आणि आपली बोली

घर सोडून दूर गेलेला माणूस पोशाख बदलतो, धंदा बदलतो, वेळ पडली तर नावाचा उच्चारही समोरच्याच्या सोयीने करू लागतो. पण दोन गोष्टी त्याच्या तोंडात शिल्लक राहतात. एक बोलण्याचा लहेजा आणि दुसरी जिभेला लागलेली चव. स्पेनच्या समुद्रकाठी बेनिदोर्मसारख्या गावांत येऊन राहिलेले इंग्रज याचे ठळक उदाहरण आहेत. समोर भूमध्य समुद्र, डोक्यावर लखलखीत ऊन, आणि टेबलावर मात्र इंग्लंडची न्याहारी व इंग्लंडच्या पद्धतीची बीअर. कित्येकांना वर्षानुवर्षे राहूनही स्पॅनिश भाषा कामापुरतीच येते. बीअरच्या चवीवर मत देण्याचा अधिकार मला अर्थातच नाही. पण चव आणि बोली यांवर साहित्याच्या अंगाने बोलण्याचा अधिकार आपल्या सगळ्यांना आहे.

या इंग्रजांना इंग्रजीत 'एक्स्पॅट' म्हणतात. त्याच इंग्लंडात पोलंडहून किंवा पाकिस्तानहून आलेल्या माणसाला 'इमिग्रंट' म्हणतात. दोघांनीही देश सोडला, दोघेही आपली भाषा आणि आपले जेवण घेऊन गेले. तरी एकाच्या वाट्याला रुबाबदार शब्द आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशयाचा. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२१ पासून ब्रिटिश नागरिकाला स्पेनमध्ये व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येऊ लागले. त्यापुढे राहायचे तर परवानगी, कागदपत्रे, रांगा. 'एक्स्पॅट' म्हणवणाऱ्यांना आपणही स्थलांतरितच आहोत हे तेव्हा सरकारी खिडकीपुढे उभे राहून कळले.

आपल्या भाषेतही अशी शब्दांची उतरंड आहेच. अमेरिकेत राहणारा 'परदेशस्थ', मुंबईत आलेला 'परप्रांतीय', आणि कुठेच न मावणारा 'उपरा'. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला हाच शब्द नाव म्हणून दिला, तेव्हा त्या शब्दाची धार मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट जाणवली. उर्दूत 'मुहाजिर' आहे. त्याच्यामागे हिजरतीची पवित्र आठवण आहे, पण कराचीच्या रस्त्यावर तोच शब्द टोमणा म्हणूनही वापरला गेला. माणूस आपले काय काय जपतो याबरोबरच त्याच्या जपण्याला लोक काय नाव देतात हेही म्हणूनच पाहावे लागते. हे पाहणे साहित्याचे काम आहे.

हा प्रश्न मला स्पेनमुळे सुचला असे नाही. कोराडीत राहणाऱ्या माणसाला तो घराजवळच सापडतो. इथून जवळ कन्हान नदीच्या काठी कामठी आहे. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ साली कंपनी सरकारने कामठीत लष्करी छावणी वसवली. मद्रासच्या पलटणी तिथे आल्या, गोरे अधिकारी आले, त्यांच्यामागून व्यापारी, खानसामे आणि दर्जी आले. पुढे त्याच कामठीत पूर्वेकडून, आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूने, मोमिन विणकर येऊन वसले. १८५७ नंतरची धरपकड, दुष्काळ, आणि गिरणीच्या कापडाने हातमागाचा घेतलेला घास, अशा एकात एक गुंतलेल्या कारणांनी हे लोक मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर आणि कामठीकडे सरकत गेले. म्हणजे एकाच गावात दोन परके राहिले. गोरा आपला लहेजा आणि आपली बाटली घेऊन. मोमिन आपला लहेजा आणि आपला माग घेऊन. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याची पानेच्या पाने आहेत. दुसऱ्याच्या वाट्याला 'येथे विणकरांची मोठी वस्ती आहे' एवढे वाक्य येते.

आधी गोऱ्याचा लहेजा पाहू. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी भारतातल्या इंग्रजांच्या बोलीचा एक प्रचंड कोश प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हे नाव कुठून आले हे आपल्या वाचकांना कळले पाहिजे. मुहर्रमच्या मातमात 'या हसन, या हुसैन' हा पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानावर पडे. त्यांच्या जिभेवर तो बदलत बदलत हॉब्सन आणि जॉब्सन या दोन अस्सल इंग्रजी आडनावांवर येऊन थांबला. करबल्याचे दुःख इंग्रज शिपायाच्या तोंडी लंडनच्या गल्लीतले दोन शेजारी होऊन बसले. परक्या शब्दाला आपल्या ओळखीच्या ध्वनींत बसवून घेण्याच्या या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात त्याच नावाने ओळखतात.

यात रागावण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. आपणही हेच केले. छावणीच्या पहारेकऱ्याने इंग्रजीत 'कोण येते तिकडे' असे दरडावले की आपल्या शिपायाला 'हुकुमदार' ऐकू आले आणि तोच शब्द रूढ झाला. रिक्रूटचा रंगरूट झाला, सेंट्रीचा संतरी, ऑर्डर्लीचा अर्दली, लँटर्नचा लालटेन. जिभेचा धर्म दोन्हीकडे सारखाच. फरक पुढे पडला. त्यांच्या बिघडलेल्या उच्चारांचा कोश झाला, तो विद्वत्तेचा नमुना ठरला, आजही कौतुकाने वाचला जातो. आपला रंगरूट आणि लालटेन मात्र अडाण्याची भाषा ठरली. एकाच सवयीला एकाकडे पांडित्य आणि दुसऱ्याकडे गावंढळपणा म्हणायचे, हा न्याय भाषेचा नाही, छावणीचा आहे.

आता चव. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसन नावाच्या कारखानदाराची बीअर कंपनीच्या जहाजांतून भारतात येत असे. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, जहाजाच्या पोटात उकाडा. हा प्रवास सोसणारी, हॉप्स नावाच्या कडवट फुलांचे प्रमाण जास्त असलेली फिकट बीअर या व्यापारात टिकली. १८२० नंतर बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास हे कारखानदारही या धंद्यात उतरले. गंमत पुढेच आहे. भारतातल्या इंग्रजांसाठी पाठवलेली ही बीअर नंतर खुद्द इंग्लंडात 'इंडिया पेल एल' या नावाने लोकप्रिय झाली. म्हणजे जी चव घरची म्हणून परदेशात जपली जात होती, तिचे नावसुद्धा परदेशाने दिलेले होते. पुढे हिमालयाच्या थंड हवेत कसौली आणि मरी इथे बीअरचे कारखाने निघाले. मरीचा कारखाना १८६० सालचा. तो चालवणाऱ्या एडवर्ड डायरचा मुलगा मरीतच जन्मला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम त्यानेच दिला. जन्माने इथला, बोलीने आणि चवीने तिथला. आणि समोरची माणसे मात्र त्याला कायम परकी.

बीअरची जी गोष्ट, तीच 'घर' या शब्दाची. पहिल्या महायुद्धात खंदकात पडलेला ब्रिटिश शिपाई आपल्या मायदेशाला लाडाने 'ब्लायटी' म्हणे. जखम अशी व्हावी की जीव वाचावा आणि घरी धाडले जावे, अशा जखमेलाही ते 'ब्लायटी' म्हणत. हा शब्द आला आपल्या 'विलायती'वरून. अरबीतला विलायत म्हणजे प्रांत, राज्य. उर्दूत विलायत म्हणजे दूरचा देश, इंग्लंड. आणि विलायती म्हणजे तिकडचा, परका. सोडावॉटरलाही इथे विलायती पाणी म्हणत. आपण ज्याला परके म्हणायचो तो शब्द उचलून इंग्रज शिपायाने त्याचा अर्थ 'माझे घर' असा केला. घराची इतकी ओढ, आणि त्या ओढीला नाव द्यायला स्वतःच्या भाषेतला शब्द पुरला नाही.

मला सांगायचे आहे ते या दोन उदाहरणांत आले आहे. परदेशात माणूस जे मूळ म्हणून जपतो ते बहुतेक वेळा परदेशातच घडलेले असते. ते खोटे नसते, पण जुनेही नसते. ते प्रवासाचे अपत्य असते. ज्या लेखकाला हे दिसते तो खरी माणसे उभी करतो. ज्याला दिसत नाही तो संग्रहालय उभे करतो.

या कसोटीवर जॉर्ज ऑर्वेलची 'बर्मीज डेज' (१९३४) ही कादंबरी वाचून पाहावी. ऑर्वेल बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मला आणि १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. गोऱ्यांचे क्लब त्याने आतून पाहिले होते. कादंबरीतल्या क्लबात उकाड्याने हैराण झालेले मूठभर इंग्रज दारू, बर्फ आणि 'नेटिव्ह' माणसाला सभासद करावे की नाही या तीन विषयांवर आयुष्य काढतात. त्यांतला एलिस आपला कॉकनी लहेजा मुद्दाम वाढवून बोलतो, कारण त्याने टोमण्याला धार येते. पण क्लबचा खानसामा बर्फ वितळत चालल्याचे नीट, शुद्ध इंग्रजीत सांगतो तेव्हा हाच एलिस भडकतो. नोकराने इतकी चांगली इंग्रजी बोलावी हे त्याला सहन होत नाही. आपला लहेजा जपणे एवढे एलिसला पुरत नाही. समोरच्याने त्याचा तुटका लहेजाच जपावा अशीही त्याची सक्ती आहे. लहेजा त्याच्या लेखी कुंपण आहे. हे एवढे प्रकरण ऑर्वेलने एका छोट्या प्रसंगात, काही न समजावता दाखवले.

पण ऑर्वेललाही आपण सवलत देऊ नये. त्याच कादंबरीतला डॉक्टर वीरस्वामी हा सज्जन, वाचलेला, इंग्रजांवर भाबडे प्रेम करणारा माणूस. त्याच्या इंग्रजी बोलण्यातला 'स' कसा फुत्कारतो हे लेखक आवर्जून नोंदवतो. एलिसचा लहेजा हे त्याच्या स्वभावाचे हत्यार आहे, ते त्याने निवडले आहे. वीरस्वामीचा लहेजा मात्र त्याला चिकटलेली खूण आहे. एलिसला हसणारा लेखक नकळत एलिसच्या कानाने ऐकतो आहे. चांगल्या लेखकाचाही कान कुठल्या बाजूला बसलेला असतो, हे पाहायला ही कादंबरी फार उपयोगी आहे.

उलट दिशेने गेलेला एक माणूस आपल्या वाचकांच्या ओळखीचा व्हावा. पाटण्याचा दीन मुहम्मद. कंपनीच्या फौजेबरोबर तो वाढला, आयर्लंडला गेला आणि १७९४ साली त्याने इंग्रजीत आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० साली त्याने लंडनमध्ये 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' काढले. गिऱ्हाईक कोण? भारतातून निवृत्त होऊन परतलेले इंग्रज. त्यांना आता मसालेदार सालन हवे होते, हुक्का हवा होता. कलकत्त्यात बीअरसाठी झुरलेला साहेब लंडनमध्ये चिलमीसाठी झुरत होता! इथे राहून ज्याला तो नावे ठेवत होता तेच त्याला तिथे घरचे वाटू लागले. कॉफी हाउस दोनेक वर्षांत बुडाले, पण दीन मुहम्मद बुडाला नाही. ब्रायटनला जाऊन त्याने चंपी-मालिशचे हमामखाने काढले आणि 'शाम्पू' हा शब्द तिथे रूढ केला. आपली खिचडीही अशीच तिकडे गेली आणि सुक्या माशाची जोड घेऊन 'केजरी' या नावाने साहेबाच्या न्याहारीला बसली. जिभेला कमतरतेची आठवण असते. जे नाही तेच तिला आपले वाटते.

आता कामठीच्या दुसऱ्या परक्याकडे, म्हणजे आपल्याकडे, येऊ. मोमिन घरांतल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात पूर्वेचे 'हमार-तोहार'चे वळण अजून ऐकू येते. ताटात तहरी आहे. पण त्याच वाक्यात 'काहून' येतो, जो वऱ्हाडी आहे, आणि सकाळी चौकात तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय त्याच घरातल्या मुलाचा दिवस सुरू होत नाही. ही बोली आझमगडची राहिली नाही आणि नागपूरचीही पुरती झाली नाही. ती कामठीची आहे. कामठीशिवाय ती कुठेच तयार झाली नसती. दख्खनीचेही तसेच. तिच्यातला 'नक्को' मराठीचा, 'अबीच', 'मैंच' यांतला 'च' मराठीचा. आपण मराठी मुलखात राहून आपली ज़बान जपली असे आपण म्हणतो, आणि जपलेल्या ज़बानीतच मराठी मुरलेली असते.

मराठीलाही हा अनुभव आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाने तिथे मराठी टिकवली. १९८५ पासून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक चालवले. नवस फेडताना ते एलियाहू नबीच्या नावाने 'मलिदा' करतात. त्यात गोड पोहे आणि नारळ असतो. आपल्या दर्ग्यांवरही मलिदा चढतो. तो चुरलेल्या पोळीचा, तूप-साखरेचा. पदार्थ वेगळा, धर्म वेगळा, शब्द एकच. या समाजाला नव्या देशात सुरुवातीला सन्मान मिळाला असे नाही. त्यांच्याशी विवाह धर्मशास्त्राला चालतील की नाही हा वाद १९६० नंतरची काही वर्षे पेटला होता आणि १९६४ साली त्यांना लढून आपला हक्क मान्य करून घ्यावा लागला. कोकणी मुसलमानांची केपटाऊनमधली वस्तीही शतकाहून जुनी. १९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेने नव्या भारतीयांना दार जवळजवळ बंद केले. बायको रत्नागिरीत, नवरा केपटाऊनमध्ये, आणि मध्ये समुद्र व कागदपत्रे, असे संसार त्या काळाने पाहिले. बोली जपणे ही अशा ठिकाणी हौस नसते. तो एकच धागा हातात उरलेला असतो.

उर्दूत हा धागा सर्वांत शहाणपणाने मुश्ताक अहमद यूसुफी यांनी हाताळला असे माझे मत आहे. त्यांच्या 'आब-ए-गुम' (१९९०) मधले क़िबला हे कानपूरचे इमारती लाकडाचे व्यापारी. फाळणीनंतर कराचीला येतात आणि मागे राहिलेल्या हवेलीचा फोटो जवळ बाळगून, आपण काय सोडून आलो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याला कळते की ही हवेली विटांची कमी आणि आठवणीची जास्त आहे. कराचीतल्या हालअपेष्टांनी तिचे मजले वाढवले आहेत. यूसुफी क़िबलांची टर उडवत नाहीत आणि त्यांच्यासोबत रडतही बसत नाहीत. हवेली कानपुरात होती, पण ती बांधली गेली कराचीत, एवढे ते आपल्याला दाखवतात. ते स्वतः राजस्थान सोडून कराचीला गेले होते, म्हणून त्यांना दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या.

आता आपल्या मराठी साहित्याकडे याच नजरेने पाहावे लागेल. मराठी नाटक-सिनेमांतला गोरा साहेब ठरलेला आहे. 'टुम काला आडमी' म्हणणारा. गुलामीत राहिलेल्या समाजाने मालकाच्या लहेजाची नक्कल करून थोडा सूड घेतला, तो समजण्यासारखा आहे. पण त्याच रंगमंचावरचा मुसलमानही तितकाच ठरलेला आहे. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, दर वाक्याला 'अरे मियाँ', आणि व्याकरण असे मोडलेले की प्रेक्षक हसलाच पाहिजे. मालक आणि शेजारी या दोघांना एकाच मापाने मोजण्याचे कारण काय? आणि हा मुसलमान कुठला आहे? कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतो, ती किनारपट्टीच्या मराठी बोलींची सख्खी बहीण. साताऱ्या-सोलापूरकडचा दख्खनी बोलतो. जळगावकडच्या तडवींची बोली आणखी वेगळी. मालेगाव-भिवंडी-कामठीच्या मोमिनांचे पुरबी वळण वेगळे. रंगमंचावरचा मियाँ यांपैकी कोणाचीच भाषा बोलत नाही. ती भाषा महाराष्ट्राच्या कुठल्याही गावात बोलली जात नाही. ती फक्त लेखकाच्या कानात बोलली जाते.

दुसऱ्यांना बोल लावून भागणार नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठीत लिहिणारे मुसलमान म्हणून एकत्र उभे आहोत. या काळात आपल्या कथांनी दोन वाटा धरल्या, आणि दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. पहिली वाट पुसून टाकण्याची. पात्राचे नाव रझिया, पण ती बोलते पाठ्यपुस्तकातली मराठी. तिच्या आईला कधी शब्द अडत नाही, तिच्या आजीचा 'ळ' कधी 'ल' होत नाही. आपली मराठी कोणाच्या मराठीहून कमी नाही हे सिद्ध करण्याच्या धडपडीत आपण आपल्याच घराचा आवाज बंद करतो. दुसरी वाट पाटी लावण्याची. ईद आली की शीरखुर्मा, लग्न आले की बिर्याणी, मधे दोन-तीन 'या अल्लाह' आणि एक 'अम्मीजान'. हा शीरखुर्मा कोणी खात नाही. तो वाचकाला 'हे मुसलमानाचे घर आहे' असे सांगण्यासाठी टेबलावर ठेवलेला असतो. क्लबातल्या एलिसच्या लहेजासारखाच तोही दाखवण्यासाठी वाढवलेला असतो.

या दोन्ही वाटांवर एक गोष्ट समान आहे. बोली आणि चव या तयार, न बदलणाऱ्या वस्तू आहेत असे दोन्हीकडे धरले जाते. एक त्या लपवतो, दुसरा मांडतो. त्या घडताना, बिघडताना, उसन्या घेताना कोणी दाखवत नाही. हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीचे या बाबतीत मला मोल वाटते. त्यांच्या इतर विचारांशी कोणाचे जुळो वा न जुळो, कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला निवेदक त्यांनी उभा केला. गाव त्याला ओळखते, पण तो गावात पूर्वीसारखा मावत नाही. परत आलेला माणूस हाही परदेशी गेलेलाच असतो, हे मराठीत इतक्या लवकर कोणीतरी लिहून ठेवले ही मोठी गोष्ट आहे. पण त्या वाटेवर पुढे आपली वर्दळ फार झाली नाही. केपटाऊन आणि आखातातून येणाऱ्या पत्रांवर, फोनवर, सुटीवर जगलेली गावेच्या गावे कोकणात असताना आपल्या कथेत परतलेला माणूस सोन्याची साखळी आणि अत्तर घेऊन येतो आणि दोन पानांत निघून जातो. त्याची जीभ तिकडे काय झाली, हे त्याला कोणी विचारत नाही.

उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवताना हा प्रश्न रोज समोर उभा असतो. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून 'शाळा' म्हणताना मुलाची 'शाला' होते. 'ण'चा 'न' होतो. 'चार'मधला 'च' आणि 'चमचा'मधला 'च' हा फरक कानाला उशिरा कळतो. मी ते दुरुस्त करते, केलेच पाहिजे. परीक्षा आणि नोकरी त्यांना द्यायची आहे. पण ही मुले वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली की विषय ऐकण्याआधी लोक 'ळ' ऐकतात, आणि मग मुले बोलणेच बंद करतात. स्पेनमधल्या इंग्रजाचे स्पॅनिश कितीही मोडके असले तरी तो बोलायचा थांबत नाही, कारण त्याला हसण्याची कोणाची हिंमत होत नव्हती. आमच्या मुलाला त्या हिंमतीचा एक छोटा वाटा मिळावा, इतकीच अपेक्षा आहे.

उच्चार बदलल्याने साहित्य बुडते का? याचे उत्तर विदर्भानेच दिले आहे. अरबीत उगम पावून, फारसीत वाढून, उर्दूत बहरलेली ग़ज़ल मराठीत आली तेव्हा तिच्या नावातले दोन्ही ध्वनी मराठी जिभेने बदलून टाकले. 'ग़'चा 'ग' झाला, 'ज़'चा 'झ' झाला आणि ग़ज़लची 'गझल' झाली. उर्दूच्या कानाने पाहिले तर हाही हॉब्सन-जॉब्सनच. पण अमरावतीच्या सुरेश भटांनी (१९३२–२००३) या बदललेल्या नावाच्या आत रदीफ, काफिया आणि वृत्त यांची शिस्त काटेकोर ठेवली, नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, आणि बाकी सगळे मराठीचे होऊ दिले. कुठल्याही उर्दू शायराने 'झ' ऐकून त्यांना अडाणी म्हटले नाही, आणि म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. गझल ही आपल्यातली सर्वांत यशस्वी स्थलांतरित आहे. तिने हाडे जपली आणि आवाज बदलला. जे 'झ'ला मिळाले ते आमच्या मुलाच्या 'ल'ला मिळू नये याला साहित्यात काही कारण नाही. कारण असलेच तर ते साहित्याच्या बाहेर आहे.

म्हणून आपल्या लिहिणाऱ्यांकडे, विशेषतः नव्या पिढीकडे, माझे मागणे साधे आहे. आपल्या पात्रांना त्यांच्या घरची बोली बोलू द्या. ती कोणत्या गावची, कोणत्या पिढीची, कोणत्या मोहल्ल्याची आहे हे कान देऊन ऐका. आजी एक बोलते, आई दुसरे, मुलगी तिसरे. या तीन आवाजांमधल्या अंतरातच आपला दीडशे वर्षांचा प्रवास आहे. ताट लिहाल तर त्यात तहरीशेजारी तर्री-पोहेही येऊ द्या, कारण ते तिथे खरोखरच आहेत. अवघड वाटलेल्या शब्दाला तळटीप लावून माफी मागू नका. वाचक संदर्भाने समजून घेतो, वऱ्हाडी आणि मालवणी त्याने तशीच समजून घेतली आहे. आणि आपले टीकाकार एखाद्या कथेची भाषा 'शुद्ध' आहे म्हणून पाठ थोपटतील, तेव्हा त्या शुद्धतेसाठी कोणाला गप्प बसवले हेही त्यांनी विचारावे.

कामठीची छावणी आजही आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र तिथे आहे. गोरे १९४७ साली गेले आणि आपली बीअर, आपला लहेजा घेऊन गेले. त्यांच्या बोलीचा कोश मागे राहिला. मोमिन मात्र गेला नाही. तो इथलाच झाला, आणि त्याच्या बोलीचा कोश अजून कोणी केलेला मला माहीत नाही. ते काम करायला यूल आणि बर्नेल येणार नाहीत. ते आपल्यालाच, आणि मराठीतच, करायचे आहे.